उभं कुठे राहायचं?

(क्रीडाशिक्षिका आणि मुलींच्या गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्या यांच्यासाठी घेतलेल्या फुटबॉल पंच-शिबिरातील भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रकात माझ्या विषयाचं नाव ‘पंचाची मैदानावरील स्थाननिश्चिती व कार्यपद्धती’ असं छापलं आहे. नाव भारदस्त आहे, पण गोष्ट साधी आहे. गळ्यात शिट्टी अडकवल्यावर मैदानात उभं कुठे राहायचं, आणि चेंडू हलला की आपण कुठे जायचं, एवढंच मला सांगायचं आहे.

फुटबॉलचे नियम सतरा. ते तुम्ही काल आणि परवा शिकलात, काहीजणींनी तोंडपाठसुद्धा केले. पण पंचाचं अर्धं काम डोळ्यांचं असतं आणि डोळे पायांवर चालत जातात. दिसलंच नाही तर नियम माहीत असून काय उपयोग? आणि पाहायला कुठे उभं राहायचं हे नियमांच्या पाठांतरात येत नाही. ते कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. पुरुष पंचांना ते दाखवणारे वडीलधारे मैदानावर भेटतात, चहाच्या टपरीवर भेटतात. आपल्याला कोणी दाखवत नाही, म्हणून आज बसून बोलायचं.

आधी मुलींच्या सामन्यांत काय चालतं ते सांगते. शालेय स्पर्धेच्या दिवशी मुलग्यांचे सामने सकाळी उरकतात, मुलींचे दुपारी दीड-दोनला लागतात. सकाळपासून चार सामने केलेला पंच दमलेला असतो. त्यात ‘मुलींचा तर सामना आहे’ ही भावना. मग तो मधल्या वर्तुळात उभा राहतो आणि तिथूनच शिट्टी वाजवतो. मैदानाची लांबी शंभर मीटरच्या आसपास असली, तर मधल्या वर्तुळापासून गोलपर्यंत पन्नास मीटर होतात. पन्नास मीटरवरून कोणी कोणाचा शर्ट ओढला, कोपर कुठे लागलं, पाय चेंडूवर आला की घोट्यावर, हे कोणालाच दिसणार नाही, मग तो पंच कितीही जुना असो.

एका सतरा वर्षांखालच्या मुलींच्या उपांत्य सामन्यात मी शाळेची शिक्षिका म्हणून कडेला बसले होते. कॉर्नर मिळाला. चेंडू येण्याआधीच समोरच्या संघातली एक मुलगी आमच्या गोलकीपरला खांद्याने रेटत होती. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळी दोघी हवेत असताना धक्का लागला आणि आमची मुलगी पोस्टच्या पायाशी पडली. हासळीचं हाड मोडलं. पंच मधल्या वर्तुळाच्या जरासे पुढे होते. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, मला काही दिसलं नाही.” ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच दिसलं नव्हतं, आणि माझा राग त्याच्यावरच आहे. जी मुलगी घरी भांडून फुटबॉलला आली होती तिला पुढच्या वर्षी वडिलांनी पाठवलं नाही. धक्का देणारी मुलगीही वाईट नव्हती. पहिल्या वेळीच कोणी जवळ जाऊन “हात खाली” म्हटलं असतं तर ती थांबली असती.

म्हणून मुलींच्या सामन्याला धावणारा पंच हवा, आणि तो पंच आपल्यातली कोणी असायला हरकत नाही.

आता मूळ मुद्दा, कोनाचा. नव्या पंचाला सगळे एकच सांगतात : चेंडूच्या जवळ राहा. हे अर्धवट आहे. एस.टी.च्या गर्दीत तुमच्या पुढे एक बाई उभी आहे आणि तिच्या पुढे कंडक्टर. तुम्ही कंडक्टरपासून दोन हातांवर असूनही तो कोणाला किती पैसे परत देतोय हे तुम्हाला दिसत नाही, कारण मध्ये पाठ आहे. दोन पावलं बाजूला सरकलात की दिसतं. मैदानावरही तसंच. आक्रमण करणारी मुलगी आणि तिला अडवणारी मुलगी या दोघी तुमच्यासमोर एका रेषेत आल्या, तर तुम्हाला एक पाठ तेवढी दिसते. दोघींच्या मधली फट दिसली पाहिजे. त्या फटीतच सगळं घडतं. हात, गुडघा, चेंडूला आधी कोणाचा पाय लागला, सगळं. दहा पावलांवर पाठ दिसण्यापेक्षा वीस पावलांवरून फट दिसणं केव्हाही चांगलं. पंधरा ते वीस पावलं हे अंतर सर्वसाधारणपणे धरा. गोलजवळ आल्यावर त्याहून जवळ जा, मैदानाच्या मध्यात थोडं लांब राहिलात तरी चालेल. फार जवळ गेलात तर चेंडू तुमच्याच अंगावर येतो आणि खेळणाऱ्या मुलीची वाट अडते.

मग नव्वद मिनिटं, किंवा शाळेच्या सामन्यात पन्नास-साठ मिनिटं, हा कोन सांभाळायचा कसा? त्यासाठी एक जुनी पद्धत आहे, तिरक्या धावेची. इंग्लंडचे स्टॅन्ली राऊस हे स्वतः पंच होते, पुढे फिफाचे अध्यक्ष झाले. त्यांनी १९३० च्या दशकात ही पद्धत रुळवली आणि आज जगभर तीच चालते. हातरुमाल कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातला की मधून तिरकी रेघ पडते. मैदान म्हणजे तो रुमाल. मधल्या पंचाने साधारण त्या तिरक्या रेघेवरून खालीवर धावायचं. दोन सहायक पंच समोरासमोरच्या बाजूच्या रेषांवर, एकेकाकडे अर्धं अर्धं मैदान, पण पंचाची रेघ ज्या कोपऱ्यांकडे जाते ते सोडून उरलेल्या दोन कोपऱ्यांकडचं. त्यामुळे चेंडू कुठेही गेला तरी त्याच्या एका बाजूला पंच असतो आणि दुसऱ्या बाजूला सहायक. दोन बाजूंनी दोन नजरा. ‘खेळ आपल्या आणि सहायकाच्या मध्ये ठेवा’ हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे. रेघेला मात्र चिकटून बसू नका. ती रुळांसारखी नाही. खेळ पार कडेला गेला तर रेघ सोडून तिकडे जायचं आणि परत यायचं.

सहायक पंचांना पूर्वी लाइनमन म्हणत. १९९६ साली नाव बदललं आणि ‘मन’ गेला. आपल्या मैदानांवर अजून सगळे लाइनमनच म्हणतात, बाई उभी असली तरी. सहायकाने आपल्या अर्ध्या भागातल्या शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहायचं. गोलकीपर धरून शेवटून दुसरी. चेंडू तिच्याही पुढे गोलच्या जवळ गेला असेल तर चेंडूच्या रेषेत. तोंड मैदानाकडे ठेवून बाजूबाजूने सरकायचं. मंगळागौरीच्या खेळात आपण सरकतो तशी पावलं. हे आपल्याला सहज येतं, पुरुषांना शिकवताना फार वेळ जातो असा माझा अनुभव आहे. झेंडा उघडा, खाली धरलेला, आणि मधल्या पंचाला दिसेल अशा हातात. चेंडू मारला जातो त्या क्षणाचं चित्र डोळ्यांत धरायचं : कोण कुठे होतं? मग ती मुलगी खरंच खेळात येते का ते बघायचं आणि मग झेंडा वर. १९९० पासून बचावपटूच्या बरोबरीत असलेली खेळाडू ऑफसाइड नसते, आणि हात या हिशेबात धरत नाहीत. पंचाने शिट्टी वाजवल्यावर वर गेलेला झेंडा पुढे आणून दाखवायचा. पलीकडच्या बाजूला ऑफसाइड असेल तर तिरका वर, मैदानाच्या मध्यात असेल तर सरळ आडवा, आपल्या जवळ असेल तर तिरका खाली.

हे झालं पुस्तकातलं. शाळेच्या सामन्यात तीन पंच मिळतात का? तालुक्याला बहुतेक वेळा एकटीच असता. मैदानाच्या मधोमध सिमेंटची क्रिकेटची खेळपट्टी, तिच्यावर माती टाकलेली, बाजूच्या रेषा पावसाने पुसलेल्या, आणि हातात झेंडा घेऊन उभा एका शाळेचा शिपाई नाहीतर राखीव खेळाडू. अशा वेळी सामन्याआधी दोन्ही बाजूंच्या झेंडेवाल्यांना एकत्र बोलवा आणि स्पष्ट सांगा : “चेंडू पूर्ण बाहेर गेला की झेंडा वर करायचा. ऑफसाइड आणि फाउल माझं मी बघेन.” त्यांच्यावर अविश्वास म्हणून नाही. स्वतःच्याच शाळेविरुद्ध झेंडा वर करायची पाळी त्या पोरावर आणू नये म्हणून. एकटी असलात की तिरकी रेघ थोडी मोडावी लागते. बचावाची शेवटची फळी दिसावी म्हणून अधिक कडेने धावा आणि खेळाच्या थोडं मागे राहण्याऐवजी जवळजवळ बरोबरीने जा. दम लागतो. म्हणूनच गोलकिक किंवा थ्रो-इन व्हायच्या आधीचे जे पाच-सात सेकंद मिळतात त्यात श्वास घ्यायचा आणि त्याच वेळी पुढच्या जागेवर पोचायचं. चेंडू पडायच्या आधी तिथे असणारी बाई कमी धावते. चेंडूच्या मागे लागणारीची मात्र दमछाक होते.

आता कॉर्नर. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण मुलींना सर्वांत जास्त लागतं ते इथे. कॉर्नरच्या वेळी सहायक असेल तर तो कोपऱ्यातल्या झेंड्याच्या मागे, गोलरेषेच्या सरळ रेषेत उभा राहतो. चेंडू रेषेपलीकडे गेला का, हे त्याचं काम. तुम्ही पेनल्टी क्षेत्राच्या कडेच्या आसपास, त्याच्या समोरच्या अंगाने, तोंड गर्दीकडे करून. चेंडू कुठून येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून बाकी सगळे चेंडूकडे बघत असतात. तुम्ही मात्र चेंडूवर एक नजर टाका आणि मग माणसं बघा. कोण कोणाला धरून उभी आहे? गोलकीपरच्या पायापुढे कोण आहे? कोणाचा हात कोणाच्या कमरेला आहे? अशा एक-दोन जोड्या निवडा आणि त्या फटीत बघत राहा. धराधरी दिसली तर कॉर्नर मारू देऊ नका. शिट्टी वाजवा, दोन पावलं पुढे जा, दोघींना नंबराने हाक मारून बोला. “सात नंबर, हात सोड. गोलकीपर, तू पण.” एवढंच. चेंडू खेळात येण्याआधीच्या धक्काबुक्कीवर पेनल्टी देता येत नाही, पण बोलता येतं, गरज पडली तर पिवळं कार्ड दाखवता येतं, आणि मुख्य म्हणजे पंच बघतेय हे सगळ्यांना कळतं. पुढचे तीन कॉर्नर शांत जातात. एक सांगून ठेवते, दर वेळी त्याच जागी उभं राहू नका. मुली हुशार असतात. तुमची जागा ठरलेली आहे हे दोन कॉर्नरमध्ये ओळखतात आणि तिसऱ्या वेळी तुमच्या नजरेआडच्या बाजूला उद्योग करतात.

कॉर्नर संपला आणि चेंडू उलटा पडला की मात्र जोरात धावावं लागतं. गोलकीपरने चेंडू पकडला की लगेच पाठ फिरवून पळत सुटू नका. एक-दोन सेकंद तिच्याकडे बघत मागे सरका. चेंडू गेल्यानंतरच्या त्या दोन सेकंदांत सूड उगवले जातात.

पेनल्टीचं चटकन सांगते. सहायक गोलरेषा आणि पेनल्टी क्षेत्राची रेषा मिळतात त्या कोपऱ्यावर. मधला पंच पेनल्टीच्या खुणेच्या बाजूला, आत कोण घुसतंय ते दिसेल असा. २०१९ पासून गोलकीपरचा किमान एका पायाचा भाग चेंडू मारला जाईपर्यंत रेषेवर किंवा रेषेच्या वर असला की चालतं. एकटी असलात तर गोलरेषेच्या जवळ सरका, गोल झाला की नाही हे आधी. फ्री-किकची भिंत चेंडूपासून ९.१५ मीटरवर. लोक याला ‘दहा पावलं’ म्हणतात, पण ती सहा फुटी माणसाची दहा पावलं. माझी बारा भरतात. आपली किती भरतात हे घरी मोजून या. गोलरेषेपासून पेनल्टीची खूण ११ मीटरवर असते, तिथेच मोजा आणि हिशेब करा. कोणी “मॅडम, अंतर जास्त दिलं” म्हणालं तर तुमच्याकडे उत्तर पाहिजे.

सामन्याच्या आधीचं एक काम सांगायचं राहिलं. दागिने. कानातलं, नाकातली चमकी, बांगड्या, गळ्यातला दोरा, काहीही चालत नाही आणि वरून चिकटपट्टी लावूनही चालत नाही. नियम मुलींच्याच भल्याचा आहे, कानाची पाळी फाटलेली मी पाहिली आहे. पण मैदानात ऐन वेळी काढायला लावलं की रडारड होते. “आई म्हणते नाक बुजेल” हे खरंही असतं. म्हणून आदल्या दिवशी शाळांना निरोप द्या. डोक्यावर रुमाल किंवा हिजाब बांधलेली मुलगी असेल तर तिला अडवू नका. २०१४ पासून नियमात त्याला परवानगी आहे. तो अंगाबरोबर नीट बसलेला आणि शर्टाला न जोडलेला असावा. याबाबतीत पंचाने नको ते शौर्य दाखवलेलं मी ऐकलं आहे.

आता जे कोणत्याही पुस्तकात या शब्दांत मिळणार नाही ते. मुलींच्या सामन्याला कडेला टोळकी येतात. शेरे मारतात, मोबाइलवर चित्रं घेतात, कोणा एका मुलीच्या नावाने ओरडतात. कोल्हापूरसारख्या गावात फुटबॉलवर जीव टाकणारा प्रेक्षक आहे, तालमीतालमींची ईर्षा आहे, ती वेगळी. मी बोलतेय ते मुलींना बघायला आलेल्यांबद्दल. मधल्या वर्तुळात उभ्या असलेल्या पंचाला हे ऐकूच येत नाही. खेळाबरोबर कडेपर्यंत जाणाऱ्या पंचाला ऐकू येतं. बाहेरच्या हस्तक्षेपामुळे सामना थांबवण्याचा, तहकूब करण्याचा, बंद करण्याचा अधिकार नियम क्रमांक पाच पंचाला देतो. मोठ्या स्पर्धांत वर्णद्वेषी घोषणांसाठी तीन पायऱ्या ठरलेल्या आहेत : खेळ थांबवून सूचना, मग खेळाडूंना आत नेणं, मग सामना बंद. आपणही तसंच करू शकतो. शिट्टी वाजवा, चेंडू हातात घ्या, आयोजकांना बोलवा आणि त्या माणसांना हलवल्याशिवाय सुरू करू नका. मी हे दोनदा केलं आहे. दोन्ही वेळा “कशाला वाढवता मॅडम” असं ऐकलं, आणि दोन्ही वेळा दहा मिनिटांत कडा मोकळी झाली. पण हे करताना टोळक्याशी स्वतः जाऊन वाद घालू नका. मैदानाच्या आत तुमचा अधिकार आहे, बाहेर आयोजकांना पाठवा.

वादावरून आठवलं. प्रशिक्षक धावत अंगावर येतो तेव्हा काय करायचं? आपल्याला दोनच गोष्टी शिकवलेल्या असतात, गप्प राहणं किंवा आवाज चढवणं. तिसरी गोष्ट म्हणजे अंतर. तो जवळ आला की एक पाऊल बाजूला व्हा, मागे नको, बाजूला, म्हणजे मैदान आणि बाकीच्या मुली नजरेत राहतात. एकदा उत्तर द्या. दुसऱ्यांदा तेच विचारलं तर “आता पुरे” म्हणा आणि चालू लागा. लाल-पिवळी कार्डं १९७० च्या विश्वचषकात आली, इंग्लंडचे पंच केन ॲस्टन यांना ती कल्पना रस्त्यावरच्या सिग्नलवरून सुचली. आणि २०१९ पासून ती बाकावरच्या प्रशिक्षकालाही दाखवता येतात. हातभर अंतर ठेवून, शांतपणे, सरळ वर. नाकासमोर नाचवायचं नाही. माझा आवाज बारीक आहे, या कारणाने मला पूर्वी बरेचजण म्हणायचे की तुमच्याच्याने होणार नाही. आवाज शिट्टीला असतो. साध्या गोष्टीला छोटी फुंकर, गंभीर फाउलला लांब आणि कडक. शिट्टीनेच निम्मं बोलणं होतं.

आणि लेखी अहवाल लिहाल तेव्हा आपण कुठे होतो हे त्यात जरूर लिहा. “घटना घडली तेव्हा मी चेंडूपासून सुमारे बारा पावलांवर, डाव्या बाजूला होते, मध्ये कोणी खेळाडू नव्हती.” या एका वाक्याने समितीतल्या अर्ध्या शंका मिटतात. बाईने काही सांगितलं की पहिला प्रश्न येतो, तुला नीट दिसलं का, तुझा गैरसमज तर नाही? हा प्रश्न पुरुष पंचाला सहसा विचारत नाहीत. तो आपल्याला विचारला जाणारच आहे, तर उत्तर तयार ठेवू.

‘मधे बाई नको, कडेला चालेल’ हे आपल्याकडेच आहे असं समजू नका. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने डिसेंबर १९२१ मध्ये आपल्या सभासद क्लबांची मैदानं बायकांच्या सामन्यांना बंद केली, आणि ती बंदी उठायला जवळपास पन्नास वर्षं लागली. आदल्या वर्षी, १९२० च्या नाताळात, लिव्हरपूलमध्ये बायकांचा सामना बघायला पन्नास हजारांवर माणसं आली होती. १९९१ साली चीनमध्ये पहिला महिला विश्वचषक झाला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ब्राझीलच्या क्लॉडिया व्हास्कॉन्सेलोस यांनी मधे शिट्टी घेतली, पण अंतिम सामन्याला पुरुषच पंच होता. १९९५ चा अंतिम सामना स्वीडनच्या इन्ग्रिड यॉन्सन यांना मिळाला. १९९९ पासून त्या स्पर्धेत सगळ्या पंच बायकाच. पुरुषांच्या विश्वचषकात मधे बाई यायला १ डिसेंबर २०२२ उजाडला. कोस्टारिका आणि जर्मनी यांचा सामना, फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार्ट मधे, ब्राझीलच्या न्यूझा बॅक आणि मेक्सिकोच्या कारेन डियाझ दोन रेषांवर. तिघीही बायका. आपल्या शेजारच्या गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनला झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच होत्या. रेषेवरचं काम कमी दर्जाचं नाही हे त्यांच्याकडे पाहून कळतं. ऑफसाइडसारखा अवघड निर्णय त्यावरच उभा असतो. पण स्थानिक स्पर्धेत तीन पंचांत एक बाई असली की झेंडा कायम तिच्याच हातात, नाहीतर गुणपत्रक, आणि चहापाण्याचं बघायला सांगतात ते वेगळंच. याला माझी हरकत आहे. मधे धावल्याशिवाय मधे धावता येत नाही.

म्हणून काही मागण्या शिबिरातून जाताना कागदावर लिहून नेऊ. मुलींच्या सामन्यांतले निम्मे तरी सकाळच्या वेळेत असावेत. बाई पंचाला पाळीपाळीने मधली जागा मिळावी. मानधन सारखं. आणि मैदानावर कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह, हे मी मुद्दाम जाहीरपणे म्हणते, कारण सकाळपासून पाणी न पिता धावणारी पंच दुपारी तिसऱ्या सामन्यात जागेवर पोचत नाही, आणि मग म्हणतात बायकांचा दम कमी. तिचा दम गेलेला नसतो, तिने पाणी प्यायलेलं नसतं. साडी नेसून पंचगिरी करायची सक्ती काही शाळा अजून करतात. ती मानू नका. अर्धी चड्डी नको असेल तर ट्रॅकपँट घाला, पण घोट्याभोवती कापड फडफडणार नाही असं बघा, मागे धावताना पाय अडकतो.

बोलून फार झालं, आणि बसून कोन कळत नाही. बाहेर फक्कीने अर्धं मैदान आखून ठेवलं आहे. सहा सहा जणींचे गट करा. चौघी कॉर्नरला एकमेकींना धरून उभ्या राहतील, एक कोपऱ्यात झेंडा घेऊन, एक शिट्टी घेऊन. शिट्टीवालीने आधी मधल्या वर्तुळाच्या जागेवरून सांगायचं, कोणी कोणाला धरलंय. मग पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून. मग चार पावलं डावीकडे जाऊन पुन्हा. दर वेळी काय दिसलं ते मोठ्याने बोला, मी लिहून घेईन. बूट नसतील त्यांनी चप्पल काढून अनवाणी या, आत काचा वेचून घेतल्या आहेत.